पाळकसाहेब महिन्यातून दोनदा, मंडळी रोजची

गेल्या अंकात मी सहज दोन ओळी लिहून गेले होते, की आमच्या इंदूरच्या छोट्याशा लूथरन मंडळीने, म्हणजे मार्टिन लूथरची शिकवण मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांच्या चर्चने, आपले पाळक (पास्टर) देवास आणि खंडव्याच्या मंडळ्यांबरोबर वाटून घेतलेत, आणि त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअॅपचे मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. काही पत्रं आमच्याच लोकांची आहेत, काही अगदी बाहेरच्यांची. पत्रं थोडी आखूड केलीत आणि नावं काढलीत, बाकी भाषा ज्याची त्याची.

प्रश्न : ताई नमस्कार. आमची सून सौसरकडची, माहेर लूथरन. नाताळच्या आधीच्या रविवारी मी पहिल्यांदा तिच्याबरोबर चर्चला आले. पाळक आलेच नव्हते. बँकेत काम करणाऱ्या एका गृहस्थांनी प्रवचन वाचलं, एका कॉलेजच्या मुलीने प्रार्थना केली, आणि शेवटी सगळ्यांनी मिळून पोहे खाल्ले. मला छान वाटलं पण प्रश्न पडला, आमच्याकडे गुरुजी नसले तर दुसऱ्या गुरुजींना बोलावतो, तुमच्यात असं कोणीही उभं राहून चालतं का? (एक सासूबाई, लोकमान्यनगर)

उत्तर : काकू, सुनेबरोबर आलात याचाच मला इतका आनंद झाला. तुम्ही विचारलंय ते आमच्या लोकांनी पण विचारायला हवं, कारण आमच्यातल्या कित्येकांना अजून वाटतं की पाळक नाहीत म्हणजे आज सुट्टी.

चालतं, आणि मजबुरी म्हणून नाही, ही आमची मूळची शिकवण आहे. मार्टिन लूथरने 1520 साली जर्मनीतल्या सरदारांना एक मोठं पत्र लिहिलं, त्यात तो म्हणतो की बाप्तिस्मा झालेला प्रत्येक माणूस देवापुढे याजकच, म्हणजे पुरोहितच आहे, जोडे शिवणारा, लोहार, शेतकरी, ज्याने त्याने आपलं काम करायचं आणि त्या कामाने दुसऱ्याची सेवा करायची. म्हणजे पाळकाचा दर्जा वर आणि आमचा खाली असं नाही, पाळकाला काम वेगळं दिलंय एवढंच. पण म्हणून वाटेल त्याने उठून काहीही करावं असंही नाही. 1530 साली ऑग्सबर्गला लूथरन लोकांनी आपला विश्वास कलमांमध्ये लिहून बादशहासमोर ठेवला, त्यातलं चौदावं कलम सांगतं की रीतसर नेमणूक झाल्याशिवाय कोणी मंडळीत शिकवायचं नाही आणि संस्कार द्यायचे नाहीत. म्हणून तुम्ही आलात त्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरसाचा संस्कार, नव्हतं, लक्षात आलं असेल तर पुढच्या टेबलावरचे छोटे पेले झाकलेलेच होते. ते पाळक आल्यावर, पहिल्या आणि तिसऱ्या रविवारी. बँकेतल्या दादांनी जे वाचलं ते पाळकांनीच लिहून पाठवलेलं प्रवचन होतं, त्यांना कमिटीने नेमलंय आणि पाळकांनी चार शनिवार बसवून शिकवलंय. बाप्तिस्मा मात्र अगदी जिवावरची वेळ असेल तर कोणीही ख्रिस्ती माणूस देऊ शकतो, दवाखान्यातली नर्स पण देऊ शकते, पाणी आणि पित्याचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव, बस.

आणि आपल्या देशात हे काही नवीन नाही हो. 1706 साली त्झीगेनबाल्ग आणि प्लुत्शाव हे दोघे तरुण जर्मन तामिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला उतरले, तिथून हिंदुस्थानातलं लूथरन काम सुरू झालं, पण पहिला देशी पाळक, आरोन, 1733 साली नेमला गेला. मधली 27 वर्षं गावोगाव फिरून शिकवणारे, आजाऱ्यापाशी बसणारे, मुलांना अक्षर ओळखायला लावणारे कोण होते, तर तिथलेच तामिळ उपदेशक, ज्यांना पाळक कोणी म्हणत नव्हतं. तुमच्या सुनेच्या माहेरकडची गोष्ट पण तशीच. 1877 मध्ये स्वीडनचे मिशनरी आपल्या मध्य प्रांतात आले, त्यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या चर्चचं मुख्य ऑफिस आज छिंदवाड्याला आहे, आणि तिकडच्या गोंड पाड्यांमधून स्वीडिश साहेब किती फिरले असतील आणि गावचा उपदेशक किती फिरला असेल याचा हिशेब तुम्हीच करा. सुनेला तिच्या आजोबांबद्दल विचारा, त्या घरात अशा गोष्टी नक्की निघतील.

पोह्यांचं म्हणाल तर ते इंदूर आहे, तिथे धर्म नाही.

प्रश्न : मी तुमच्याच मंडळीतला आहे, नाव छापू नका. मला हे वाटून घेणं अजिबात पटलेलं नाही. आमचे वडील सांगतात की पूर्वी चर्चच्या आवारात पाळकांचं घर होतं, रात्री दोन वाजता दार वाजवलं तरी दिवा लागायचा. आता तीन गावांना एक पाळक म्हणजे कोणालाच धड पाळक नाही. पगार तेवढा द्यायचा आणि माणूस पाव मिळणार. कमिटी याला 'सामायिक सेवा' म्हणते, मी याला उतरती कळा म्हणतो. (राजेंद्रनगर)

उत्तर : भाऊ, तुझ्या पत्रातला दिव्याचा उल्लेख वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले, कारण तो दिवा मी पण पाहिलाय. तुला खोटं समाधान देणार नाही. काहीतरी गेलंय हे खरं आहे.

फेब्रुवारीत आमच्या थोरल्या जाऊबाई गेल्या, सोमवारी रात्री. पाळकसाहेब खंडव्याला होते. फोन केला, पहाटे पाचला निघाले, आणि भेरूघाटात ट्रक आडवा झालेला. तू त्या रस्त्याने गेला असशील तर तुला सांगायला नको. इकडे दफनभूमीत अकराची वेळ दिलेली, माणसं जमलेली, भाचीला अजून नागपूरची गाडी पकडायची होती, थांबून थांबून किती थांबणार, तेव्हा आमच्या मंडळीचे ते रेल्वेतून रिटायर झालेले वडील, म्हणजे चर्चचे एल्डर, पुढे झाले. त्यांच्याकडे उपासनेचं पुस्तक नव्हतं, एकुलती एक प्रत पाळकांच्या बॅगेत भेरूघाटात. मग साहेबांनी गाडीत बसल्या बसल्या दफनविधीच्या पानांचे फोटो काढून पाठवले आणि या बाबांनी ते मोबाईलवर वाचले, दोन बोटांनी मोठं करत, आणि मधेच स्क्रीन काळी व्हायची, की परत अंगठा लावायचा, हात थरथरतोय, सगळे गप्प उभे. पण त्यांनी एकही ओळ गाळली नाही. माती द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी मोबाईल खिशात टाकला आणि पुढचं तोंडपाठ म्हटलं. पाळकसाहेब पाऊण वाजता पोचले, बुटांवर धूळ, कबरीपाशी जाऊन आमच्या पुतणीचा हात धरून नुसते उभे राहिले.

मी त्या दिवशी चिडले होते, लपवत नाही. कमिटीच्या मीटिंगमध्ये बोलले पण. पण नंतर मला जाणवलं की आपली चूक पाळक वाटून घेण्यात झाली नव्हती, बाकी काहीच वाटून न घेण्यात झाली होती. पुस्तक एकाकडे, किल्ली एकाकडे, आजाऱ्यांची यादी एकाच्या डोक्यात. माझ्या माहेरच्या मंडळीत हेच झालेलं, कुठली ते सांगत नाही, तिथे दोन मंडळ्यांनी एक पाळक वाटून घेतला आणि काहीच लिहून ठेवलं नाही, पेट्रोल कोणी द्यायचं, नाताळच्या दिवशी सकाळी कुठे आणि दुपारी कुठे, पाळकाच्या मुलांची फी कोणी भरायची, आणि दोन वर्षांत माणसं एकमेकांच्या लग्नाला जाईनाशी झाली. बिचारा पाळक मधल्या मधे आजारी पडला.

म्हणून आता आपल्याकडे जे लिहून झालंय ते तुला सांगते, कारण तू मीटिंगला नव्हतास. रविवार ठरलेत, पहिला तिसरा इंदूर, दुसरा देवास, चौथा खंडवा, पाचवा आला तर तिन्ही मंडळ्या एकत्र. पगार आणि घरभाडं घरांच्या संख्येप्रमाणे तीन हिश्शांत, पेट्रोल मात्र ज्याने बोलावलं त्याचं, म्हणजे खंडव्याच्या गरीब मंडळीवर आपला भार पडत नाही. सोमवार साहेबांचा, त्या दिवशी मरण सोडून कशासाठीही फोन करायचा नाही, त्यांना पण बायको आणि दोन लेकरं आहेत. पुस्तकाच्या तीन प्रती. आणि दानार्पणाच्या पेटीला दोन कुलुपं, एक किल्ली खजिनदाराकडे, एक महिला मंडळाकडे. ही कुलुपांची कल्पना मी पुढे मांडली, आणि ती माझी नाहीच. 1523 साली सॅक्सनीतल्या लाइसनिग नावाच्या गावातल्या लोकांनी आपली सामायिक पेटी केली होती, त्यातून पाळकाचा पगार, शाळा, म्हातारे, अनाथ, अडलेले कारागीर सगळ्यांचं बघायचं, कारभाराला दहा माणसं निवडून, सरदारांतली, नगरसभेतली, गावातली आणि शेतकऱ्यांतली, आणि त्या पेटीला चार कुलुपं, चौघांच्या चार किल्ल्या, म्हणजे एकटा कोणी उघडूच शकत नाही. लूथरने स्वतः त्या नियमांना प्रस्तावना लिहून दिली. पाचशे वर्षांपूर्वी शेतकऱ्याच्या कमरेला चर्चच्या तिजोरीची किल्ली होती, आणि आपण महिला मंडळाला दिली तर दोन जण उठून गेले!

तुझ्या वडिलांना माझा जय मसीह की सांग. आणि तुला एक विनंती. रात्री दोनला दार वाजवायला आता ज्यांच्याकडे जाता येईल अशा चार घरांची यादी चर्चच्या कपाटाच्या दाराला आतून सेलोटेपने चिकटवलीय, त्यात राजेंद्रनगरचा रकाना अजून कोरा आहे. तुझ्याकडे गाडी पण आहे.

प्रश्न : तुमची मंडळी एवढी लहान तर सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) मोठ्या चर्चमध्ये का मिसळत नाही? देव तोच ना? (पलासिया)

उत्तर : तोच. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्टांपैकी काही असे सहा पंथ एकत्र आले, लूथरन त्यात नव्हते. लूथरन मंडळ्यांची आपसातली वेगळी जोडणी आहे, 1926 पासून फेडरेशन म्हणून आणि 1975 पासून युनायटेड इव्हँजेलिकल लूथरन चर्च म्हणून. पण ऑग्सबर्गचंच सातवं कलम म्हणतं की शुभवर्तमान आणि संस्कार याबद्दल एकमत असलं की एकीसाठी पुरे, माणसांनी घातलेल्या रीती सगळीकडे सारख्याच पाहिजेत असं नाही. त्या आधारावर आम्ही पुष्कळ गोष्टी बरोबर करतो, शुभ शुक्रवारची दुपारची उपासना, नाताळची गाण्यांची फेरी. 31 ऑक्टोबर 1999 ला तर माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो या ज्या वादावरून चर्च फुटलं त्याच मुद्द्यावर लूथरन आणि कॅथलिकांनी ऑग्सबर्गलाच बसून संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आम्ही देवास-खंडव्याशी तरी भांडण न करता एक पाळक वाटून घेऊ शकलो तर पुढच्याही गोष्टी होतील. घाईने मिसळून चार म्हाताऱ्यांना त्यांची मराठी गाणी गमवावी लागली तर मला ते नकोय, एवढं माझं वैयक्तिक मत.

प्रश्न : ताई, मी देवासच्या मंडळीचा सेक्रेटरी. वार्षिक सभेसाठी 'येणाऱ्या वर्षाच्या आशा' असा कागद तयार करायचाय. मी 14 मुद्दे लिहिलेत, आत्मिक जागृती, तरुणांचा सहभाग, आर्थिक स्वावलंबन वगैरे. तुमच्याकडे काय लिहिलं ते कळलं तर बरं.

उत्तर : दादा, तुमचे चौदाच्या चौदा मुद्दे चांगले आहेत आणि मागच्या वर्षी आमच्या कागदावर पण हेच होते, तो कागद मला परवा हिशेबाच्या फाइलीत सापडला, आणि त्यातल्या एकाही मुद्द्यापुढे कोणाचं नाव नव्हतं. म्हणून या वेळी आम्ही एक नियम केला, ज्या आशेपुढे माणसाचं नाव आणि महिना लिहिता येत नाही ती या कागदावर नको, तिच्यासाठी प्रार्थना करू, ती सोडायची नाहीच, पण कागदावर नको. मग चारच उरल्या.

पहिली दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) पाच मुलांची. साहेब महिन्यातून दोनदा आले तर पाच पोरांना दहा आज्ञा, मतांगीकार (विश्वासाची कबुली) आणि प्रभूची प्रार्थना कधी शिकवणार? तर घरी. लूथरची लहान प्रश्नोत्तरी मुळात घरासाठीच आहे हे आपण विसरलोय. 1528 मध्ये तो सॅक्सनीतल्या खेड्यांमधून मंडळ्या बघत फिरला, आणि लोकांना साधी प्रभूची प्रार्थना येत नाही, कित्येक पाळकांना पण शिकवता येत नाही, हे बघून कळवळला आणि पुढच्या वर्षी, 1529 ला, ते छोटं पुस्तक काढलं, त्यात प्रत्येक भागाच्या डोक्यावर लिहिलंय की घरातल्या कर्त्याने हे आपल्या घरच्यांना सोप्या रीतीने शिकवावं. आमच्याकडे आता बुधवारी रात्री पाचही घरांत जेवणाआधी एक प्रश्न, आणि रविवारी पोह्यांच्या रांगेत मी पकडून विचारते. परवा एका नववीतल्या मुलाने 'याचा अर्थ काय?' असं त्याच्या आजीलाच विचारलं आणि आजी म्हणाली मला अर्थ कोणी कधी सांगितलाच नव्हता, आम्ही पाठ करायचो. आता दोघं मिळून वाचतात. नाव : पाच घरांची. महिना : जून.

दुसरी भंवरकुवाच्या पोरांची. तुम्हाला माहितीये तिथे कोचिंगला कुठून कुठून मुलं येतात, त्यात झारखंडकडची गोस्नर चर्चची पोरं पण असतात, रांचीकडे ते लूथरन काम 1845 पासूनचं, आणि ही मुलं इथे वर्ष वर्ष राहतात आणि आम्हाला पत्ताच नसतो. दोघी जणी मिळून महिन्यातून एका शनिवारी त्यांना घरी जेवायला बोलावणार आहेत. उपासनेला या असं पहिल्या जेवणाला म्हणायचं नाही असं ठरलंय. आधी वरणभात.

तिसरी पायरीची. चर्चच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत, उंच, आणि तीन माणसं वर्षभर त्या पायऱ्यांमुळे आली नाहीत. आम्ही आत्मिक जागृती लिहीत बसलो आणि तीन माणसं पायऱ्यांमुळे घरी बसली, याची मला खरंच लाज वाटली. सिमेंटचा उतार करायचाय, गवंडीकाम करणारे एक सभासद मजुरी घेणार नाहीत म्हणाले, माल मंडळीचा. मार्चमध्ये, उन्हाळा कडक व्हायच्या आत.

चौथी तुमच्याशी. महिन्यातून एक उपासना आम्ही मराठीत करतो, बाकी हिंदीत, आणि तुमच्याकडे पेटी आणि तबला वाजवणारी दोन्ही माणसं आहेत, आमच्याकडे एक पण नाही. तुम्ही ती दोघं महिन्यातून एकदा द्या, आम्ही आमच्या संडे स्कूलच्या दोन शिक्षिका तुमच्याकडे पाठवू. पाळक वाटून घेतले तर हे का नाही वाटायचं? तुमच्या कागदावर हा पंधरावा मुद्दा लिहा आणि पुढे माझं नाव घाला, मी फेब्रुवारीत येते.

प्रश्न : मुली, माझं वय 81. पूर्वी मी चर्चमध्ये वाचन करायचे, मोतीबिंदूनंतर बारीक अक्षर दिसत नाही. रोस्टरमध्ये आता सगळ्यांची नावं लागलीत, माझं नाही, विचारलं पण नाही कोणी. मी काय आता नुसतं बसूनच राहायचं का? (तिलकनगर)

उत्तर : आजी, चूक माझी आहे, रोस्टर मी केलं होतं, आणि तुम्हाला त्रास नको असं मीच मनाने ठरवून टाकलं, तुम्हाला न विचारता. माफ करा. काल रात्री रोस्टर परत लिहिलं. तेविसावं आणि एकशे एकविसावं स्तोत्र तुम्हाला पाठ आहे हे आम्हाला सगळ्यांना माहितीये, तर दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी, साहेब नसतात तेव्हा, स्तोत्र तुमचं. शिवाय आजाऱ्यांना फोन करायचं काम कोणी घेत नव्हतं, सहा नंबर आहेत, तुमच्या नातवाकडून मोबाईलमध्ये सेव्ह करून घ्या, तो एक दोन तीन अशी बटणं लावून देईल. पुढच्या रविवारी सव्वानऊला रिक्षा दाराशी येईल, राजेंद्रनगरच्या त्या भावाला मी सांगितलंय तसं, पण त्याने हो म्हटलं तर रिक्षाऐवजी त्याची गाडी येईल.